टेबल, ट्रंक आणि तरट : वस्तू माणसाबद्दल काय सांगतात?

भंडाऱ्यात बोलायचं म्हणजे घरच्या ओसरीवर बसून बोलल्यासारखं वाटतं, त्यामुळे आज थोडं इकडेतिकडे गेलो तर सांभाळून घ्या. विषय साधा आहे. माणूस जिथे बसून काम करतो ती जागा, तिथला पसारा, त्याच्या हाताशी असलेल्या वस्तू, यांवरून त्या माणसाबद्दल काय कळतं? आणि मी त्यात एक प्रश्न जोडतो : हे कळतं म्हणजे नेमकं कुणाकडून कळतं?

आपलं गाव पितळेचं. भांड्यावर नाव घालायची पद्धत इथे कुणाला सांगायला नको. आजीच्या हंड्यावर कुणी दिला, कुणाला दिला, कोणत्या सालच्या लग्नात दिला, सगळं ठोकून ठोकून लिहिलेलं असतं. इतिहास शिकणाऱ्याला याहून सोपा पुरावा कुठला? पण तो हंडा चाळीस वर्षं विहिरीवर कुणी नेला आणि चिंच लावून कुणी घासला, ते नाव त्यावर नसतं. वस्तू बोलते, पण तिच्यावर ज्याने नाव घातलं त्याच्या बाजूने बोलते. आजचं सगळं व्याख्यान या हंड्यात आलं असं समजा. आता तपशिलाकडे वळतो.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे आधी अनुमानाचं बघू. आपल्याकडे न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. ते चालतं, कारण जिथे धूर तिथे अग्नी ही व्याप्ती पक्की आहे. टेबलावर पसारा आहे, म्हणून डोक्यात गोंधळ आहे, हे अनुमान मात्र टिकत नाही. नैयायिक याला सव्यभिचार हेतू म्हणतील. म्हणजे खूण कधी त्या गोष्टीबरोबर सापडते, कधी तिच्याशिवायही. आइन्स्टाइन १८ एप्रिल १९५५ ला गेले. त्याच दिवशी ‘लाइफ’ मासिकाचे छायाचित्रकार राल्फ मोर्स यांनी त्यांच्या प्रिन्स्टनच्या खोलीतल्या टेबलाचा फोटो काढला. कागदांचे ढीग, उघडी मासिकं, मागे फळ्यावर समीकरणं. या टेबलावरून गोंधळलेलं मन कोण सिद्ध करणार? आणि लखलखीत, मोकळ्या टेबलामागे बसलेली, एक फाइल हलायला तीन महिने लावणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. नावं घेत नाही, पेन्शनची कामं अजून बाकी आहेत.

म्हणून पसाऱ्याकडे पाहून स्वभाव ओळखण्याचा खेळ मी सोडून देतो. वेगळा प्रश्न विचारतो. हे टेबल याला मिळालं कसं?

हा प्रश्न कुणाच्या बाबतीत विचारायचा यावर मी फार विचार केला नाही. भंडाऱ्यात उभं राहून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचंच उदाहरण घ्यायला हवं. १९५४ साली ते इथून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते, ते आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं. आणि त्यांच्या वस्तूंचा एक मोठा संग्रह आपल्यापासून फार लांब नाही. नागपूरजवळ काटोल रस्त्याच्या बाजूला चिचोली आहे, तिथलं शांतिवन. तिथे त्यांचा टाइपरायटर आहे, कोट आहेत, टोप्या आहेत, रोजच्या वापरातल्या कितीतरी गोष्टी आहेत.

पण चिचोलीला जाण्याआधी साताऱ्याच्या शाळेत जाऊ. कारण या माणसाच्या कामाच्या जागेतली पहिली वस्तू कोणती? तरटाचा तुकडा. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी स्वतः लिहिलं आहे. वर्गात इतर मुलांपासून वेगळं, तरटावर बसायचं. झाडलोट करणारा नोकरही त्या तरटाला हात लावायचा नाही, म्हणून संध्याकाळी ते उचलून घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. आता बघा, मार्टिन हायडेगर नावाचा जर्मन तत्त्वज्ञ सांगतो की अवजार हातात चालत असतं तेव्हा आपल्या लक्षातही येत नाही. हातोडा मोडला की मग हातोडा दिसतो. मी वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारलं, “सर, ज्याला हातोड्याला हातच लावू देत नाहीत, त्याला तो कधी दिसतो?” मी त्या दिवशी काहीतरी उत्तर दिलं. ते बरोबर नव्हतं. बरोबर उत्तर असं होतं की त्याला तो कायम दिसतो. ज्याला बसायला जागा आपसूक मिळाली त्याला बसकर दिसत नाही. ज्याला ते रोज काखेत मारून न्यावं लागतं त्याला त्याचा धागान् धागा ठाऊक असतो.

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी फळ्याशी बोलावलं, तर फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला मुलं धावली. हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. त्यानंतर न्यूयॉर्क, लंडन झालं. १९१७ मध्ये ते परत आले आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला लागले. इथे आयुष्यातलं पहिलं साहेबी टेबल मिळालं. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर फाइली कशा यायच्या? कचेरीतले लोक लांबून फेकायचे. विटाळ नको म्हणून. समजा, त्या दिवशी संध्याकाळी कुणी त्या टेबलाचा फोटो काढला असता. फाइली वेड्यावाकड्या पडलेल्या, एखादी जमिनीवर. शंभर वर्षांनी तो फोटो पाहून आपण काय म्हटलं असतं? “गृहस्थ जरा अव्यवस्थित दिसतात.” पसारा त्यांचा नव्हता हो. पसारा फेकणाऱ्यांचा होता, टेबल फक्त त्यांचं होतं.

मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही बडोद्याची फाइल. म्हणून इथे थोडा थांबलो.

त्याच १९१७ सालातली आणखी एक गोष्ट. लंडनहून निघताना त्यांनी आपली पुस्तकं दुसऱ्या जहाजाने पाठवली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. ते जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि पुस्तकं गेली. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तकं. यानंतर १९३० च्या दशकात या माणसाने दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं आणि ते बांधताना ग्रंथसंग्रहाचा विचार आधी केला, हे मग नवल वाटत नाही. लोक बंगल्याला दिवाणखाना काढतात, यांनी पुस्तकांना घर काढलं आणि उरलेल्या जागेत आपण राहिले, असंच म्हणायचं. त्यांना फाउंटन पेनांचाही शौक होता, चांगली जाड पेनं त्यांना आवडत. याला कुणी हौस म्हणेल. ज्या समाजाच्या हातात कित्येक शतकं लेखणी येऊ दिली नाही, त्यातला माणूस पेन विकत घेताना दोनदा वळून पाहत असेल, तर तिला नुसती हौस म्हणवत नाही.

आता याच काळात, आपल्याच विदर्भात, दुसरी एक कामाची जागा तयार होत होती. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळ सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. बापूकुटी तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. जमिनीवर बैठक, ठेंगणं मेज, चरखा, तीन माकडं, मोजकं सामान. आलेल्या पत्रांची पाकिटं उलटी करून त्यावर लिहायची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. मी शाळेच्या सहलीबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा भारावून गेलो होतो, आणि आजही त्या खोलीत आवाज आपोआप खाली येतो. पण वयाबरोबर एक शंका वाढत गेली. ती बोलून दाखवतो. सोडून देता येतं ते ज्याच्याकडे असतं त्याला. वडील संस्थानाचे दिवाण, मुलगा बॅरिस्टर, त्याने कोट उतरवला तर तो त्याग. ज्याच्या वडिलांना आपला मुलगा वर्गात इतरांच्या बरोबरीने बसलेला दिसला नाही, त्याने कोट चढवला तर तो काय? तोही व्रतच आहे, फक्त उलट्या दिशेचं. नागपूरच्या एका बाजूला सेवाग्रामची रिकामी खोली आणि दुसऱ्या बाजूला चिचोलीचे कोट. दोन्ही पाहिल्याशिवाय यातली एकही नीट दिसत नाही, असं माझं मत. सभागृहात काही भुवया वर गेल्यात. जाऊ द्या.

आता भंडारा. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत हरले होते. १९५४ च्या मे महिन्यात ते इथे राखीव जागेसाठी उभे राहिले. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेश राज्यात होता आणि आजचा गोंदियाही त्यातच होता. मतदारसंघ दोन जागांचा. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आठ हजारांच्या आसपास मतांनी पडला. त्या उन्हाळ्यात प्रकृती बरी नसताना ते या भागात फिरले.

माझे वडील पवनीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत गुरुजी होते. सरकारी नोकर. सभेला उघड जायची सोय नाही. ते सांगायचे की लांब, आंब्याखाली सायकल धरून उभा होतो. वडिलांना रोज रात्री वहीत लिहायची सवय होती. खर्च, पाऊस, शाळेतली हजेरी, कुणाचा बैल मेला, सगळं एकात एक. अशा वह्यांची एक पत्र्याची ट्रंक होती. वडील गेल्यावर आम्ही जुनं घर पाडून नवीन बांधायला घेतलं, तेव्हा सामान मी आवरलं. डॉक्टरेट झालेला, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. मी काय ठेवलं? घड्याळ, चष्मा, एक पेन. आठवण म्हणून. वह्यांना वाळवी लागली होती, अक्षर बारीक, हिशेबच हिशेब. कबाडी दारात उभा होता. किलोवर दिल्या.

दोन वर्षांनी वडिलांचे एक जुने सहकारी भेटायला आले. म्हणाले, “बाळ, गुरुजींनी चौपन्नच्या सभांचं सारं लिहून ठेवलं होतं, कोणत्या गावात किती लोक, कोण बोललं, परत येताना वाटेत लोक काय बोलत होते. मी वाचलंय. ती वही देतोस का?” मी त्यांना चहा दिला.

घड्याळ अजून माझ्याकडे आहे. वडील वेळ पाळायचे, एवढंच ते सांगतं, आणि ते मला आधीच माहीत होतं.

हे मी कौतुकाने सांगत नाही, लाजेने सांगतो. पण यातून मला माझ्या विषयाचं खरं दार सापडलं. आपण माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूंचे दोन ढीग करतो. पेन, चष्मा, काठी, टोपी हा एक ढीग, त्याला आपण काचेच्या पेटीत ठेवतो. दुसरा ढीग सुट्या कागदांचा, चिठ्ठ्यांचा, अर्ध्या वह्यांचा. त्याला आपण पसारा म्हणतो. पेनातून जे बाहेर आलं ते टाकतो आणि रिकामं पेन जपतो. आपल्या पूर्वजांचा शब्द पाहा : दप्तर. मुळात कागदांचा साठा. पेशवाईतले कागद कापडात बांधलेले असत, त्या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. वि. का. राजवाडे गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची असली बाडं उपसत राहिले, म्हणून १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड निघू शकले. राजवाड्यांना कुणाच्या तलवारीत फारसा रस नव्हता. त्यांना जमाखर्च हवा होता.

बाबासाहेबांच्या बाबतीत या दुसऱ्या ढिगाचं काय झालं ते ऐका.

मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यावर ते दिल्लीत २६, अलीपूर रोडला राहत होते. घर भाड्याचं, सिरोहीच्या राजाचं. नानकचंद रत्तू नावाचे पंजाबातले एक तरुण सरकारी नोकरी करून संध्याकाळी त्यांच्याकडे येत आणि टंकलेखन करत. ५ डिसेंबर १९५६ ची रात्र. बाबासाहेबांनी कपाटातून काही पुस्तकं काढली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची टंकलिखित प्रस्तावना आणि आचार्य अत्रे, एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांच्या प्रती टेबलावर ठेवायला रत्तूंना सांगितलं. रात्री त्यावर हात फिरवायचा होता. सकाळी ते गेलेले आढळले. आइन्स्टाइनच्या टेबलासारखा या टेबलाचा फोटो मी पाहिलेला नाही, पण त्यावर काय होतं ते कळतं. एक जवळजवळ पुरा झालेला ग्रंथ आणि विरोधी पक्षाच्या बांधणीची पत्रं. दोन महिन्यांपूर्वी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धर्मांतर झालेलं. त्या टेबलावर धर्म आणि राजकारण शेजारी शेजारी पडून होते. त्यांना वेगळं करून एक बाबासाहेब याचे, एक त्याचे, ही वाटणी नंतरच्या लोकांनी केली.

बाकीच्या कागदांचा प्रवास वाईट आहे. वारसाचे वाद झाले, कोर्ट आलं. रत्तूंनी आठवणींत लिहिलं आहे की पुढे ते घर रिकामं करवून घेतलं तेव्हा कागद बाहेर टाकले गेले आणि त्यावर पाऊस पडला. जे उरलं ते लोखंडी पेट्यांत बंद होऊन दिल्लीत सरकारी ताब्यात पडून राहिलं. नागपूरच्या एका वकिलाने ते लेखन छापलं जावं म्हणून कोर्टात धाव घेतली. शेवटी पेट्या महाराष्ट्र शासनाकडे आल्या आणि वसंत मून यांच्या हाती लागल्या. मून नागपूरच्या वस्तीत वाढलेले, महसूल खात्यातले अधिकारी. ‘वस्ती’ हे त्यांचं आत्मकथन काहींनी वाचलं असेल. इंग्रजी खंडांचं प्रकाशन १९७९ मध्ये सुरू झालं, आणि पेट्यांतलं अप्रकाशित लेखन १९८७ पासून बाहेर यायला लागलं.

हे खंड उघडा आणि संपादकीय टिपा वाचा. मजकुराइतक्याच त्या बोलक्या आहेत. अमुक प्रकरण अपुरं आहे. मधली पानं सापडत नाहीत. या प्रतीवर लेखकाच्या अक्षरात दुरुस्त्या आहेत. प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरचा ग्रंथ त्यांच्या मनात होता, त्याचा उल्लेख त्यांनी १९५६ च्या प्रस्तावनेत केला आहे. आपल्यापर्यंत आली ती त्याची सुटी प्रकरणं. सुट्या कागदांचा क्रम संपादकांना लावावा लागला. टेबलावर कोणता कागद कोणत्या कागदाखाली होता हे ठाऊक असतं, तर कोणता विचार आधीचा आणि कोणता नंतरचा हे कळलं असतं. पसाऱ्याचा क्रम हाही एक मजकूर असतो. तो पावसाने पुसला. आणि तरीही जे हाती आलं त्यातला ‘रिडल्स’चा खंड निघाला तेव्हा महाराष्ट्रात मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. तीस वर्षं पेटीत पडलेली रद्दी एवढी जिवंत होती. चष्म्याने कधी कुणाला रस्त्यावर आणलं आहे का?

मग चिचोलीचं महत्त्व कमी का? मुळीच नाही. रत्तूंनी जपलेल्या वस्तू वामनराव गोडबोल्यांच्या प्रयत्नांनी इथे आल्या. हे तेच गोडबोले, ज्यांनी नागपूरच्या दीक्षा समारंभाच्या आयोजनात पुढाकार घेतला होता. माईसाहेबांनी दिलेल्या वस्तू पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आहेत. भारतरत्न पदकही तिथेच. राजगृह मुंबईत. म्हणजे एका माणसाचं घर तीन शहरांत वाटलं गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी वस्तूबरोबर जपणाऱ्याची गोष्टही आहे. हंड्यावर न घातलेलं नाव ते हेच. एका टंकलेखकाने जुना कोट फेकला नाही, म्हणून तो आज दिसतो. त्या कपड्यांना काळाने कुरतडलं, त्यावर तज्ज्ञांना रासायनिक प्रक्रिया करावी लागली. टाइपरायटरबद्दल मात्र एक सावधगिरी. याच यंत्रावर राज्यघटना लिहिली, असं भाविकपणे सांगितलं जातं. घटनेचा मसुदा अनेक हातांतून, अनेक आवृत्त्यांतून गेला आणि मूळ प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. सगळी घटना एका यंत्राच्या डोक्यावर ठेवायची गरज नाही. त्या टाइपरायटरला त्याच्या खऱ्या कामाचा मान पुरेसा आहे.

आणि साताऱ्याचं ते तरट? ते कुठल्याच संग्रहालयात नाही. ते कोण जपणार होतं? फाटलं असेल, पोतेऱ्याला गेलं असेल. ते आपल्याला माहीत आहे ते केवळ त्यांनी लिहून ठेवलं म्हणून, आणि ते लेखनही त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. तेही अशाच कागदांतून आलं.

वेळ झाली. एक-दोन प्रश्न घेऊ.

(मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ गृहस्थ : “सर, वैनगंगेच्या काठी आमचं गाव. काकांची संदूक आहे घरी. ते त्या निवडणुकीत प्रचारात होते. सुना म्हणतात, घर रंगवायचं आहे, काढून टाका.”)

काका, आधी बसा. संदुकीत कागद आहेत की कपडे? दोन्ही. बरं. कागद वेगळे काढलेत का? नाही ना? उत्तम. मग काढूच नका. जसे आहेत तसे राहू द्या, घडीतल्या चिठ्ठ्यासुद्धा. साफसफाई नको, उन्हात टाकणं नको, डांबरगोळ्याही नकोत. संदूक ओल्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे सरकवा आणि खाली दोन विटा ठेवा. कबाडी आला तर सुनबाईंना सांगा, मास्तर येणार आहेत. कार्यक्रम संपला की मला गावाचं नाव आणि वाट सांगा. रविवारी सकाळी पहिल्या बसने येतो. मोबाइलवर फोटो काढायला कुणी पोरगं असलं तर बरं, माझा हात आता हलतो.